शिळा नव्हे, शिना

सन १९३३, रमजान ईदेचा तिसरा दिवस. रक्कम रुपये एकशे वीस, निम्मे तुझे आणि निम्मे माझे. हजर: तू, मी, दाराआड जुलेखाभाबी आणि चांगुणा कोळीण. चांगुणाला कोणी बोलावलं नव्हतं. ती सोडे विकायला आली होती, पण पैशांची गोष्ट निघाल्यावर टोपली खाली ठेवून बसली ती उठेचना.

हसन, तुझं सगळं चरित्र गावातले लोक गेले चाळीस दिवस एकमेकांना सांगत आहेत. तू कोणत्या वयात पहिल्या बोटीवर चढलास, किती मुलुख पाहिलेस, ह्याचा प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे. मी त्यात पडत नाही. मी जिथे स्वतः हजर होतो तेवढंच लिहितो, आणि तुलाच लिहितो, म्हणजे चुकलं तर तू सांगशील ह्या सवयीने हात जपून चालेल.

त्या दिवशी तू म्हणालास की श्रीवर्धनच्या बंदरावर खाणावळ काढायची. मी विचारलं, कशाची? तू म्हणालास, शिना सोबाची. तेव्हा चांगुणाने टोपलीवरचा हात उचलून कपाळाला लावला.

“शिळा? शिळा इकनार तू? आनि लोक पैशे देनार?”

“शिळा नव्हे, शिना,” तू म्हणालास. हे वाक्य तू त्या दिवशी पहिल्यांदा बोललास. पुढे ते तू किती वेळा बोललास त्याचा हिशेब मीसुद्धा ठेवू शकलो नाही.

मग तू समजावून सांगितलंस. शिना म्हणजे चीन, सोबा म्हणजे शेवया. जपानात चिनी शेवयांच्या रश्शाला लोक असं म्हणतात. कोबे बंदरात तुमची बोट दुरुस्तीला लागली होती तेव्हा धक्क्यामागच्या गल्लीत एक म्हातारा चिनी हातगाडीवर तो विकायचा. त्याच्या मोठ्या भांड्यात डुकराची हाडं असत, म्हणून तू पहिल्या दिवशी नुसता वास घेऊन परत आलास. दुसऱ्या दिवशी तू भर रस्त्यात कोपर हलवून कोंबडीसारखा ओरडलास. म्हातारा हसता हसता खाली बसला, आणि तिसऱ्या दिवसापासून गाडीच्या कडेला तुझ्यासाठी कोंबडीच्या हाडांचं एक लहान पातेलं वेगळं शिजू लागलं. बोट निघेपर्यंत तू त्याची भांडी घासलीस आणि त्याच्याकडून सगळं शिकलास, दोघांना एकमेकांची भाषा येत नसताना.

“त्याने माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवलं, गोविंद. असा माणूस आपल्या गावात मिळेल?”

मी म्हणालो, “आपल्या गावात तर तुझ्यासाठी घरोघरी वेगळं भांडं आहे.”

तू एवढा हसलास की दाराआडून भाबींनी काय झालं म्हणून विचारलं. तुला राग यायला हवा होता. दुसऱ्या कोणाला आला असता. हे तुला मी कधी बोललो नाही, ते आज बोलतो.

पण हसणं थांबल्यावर भाबी जे बोलल्या त्यावर सगळं ठरलं. दाराची कडी धरून, बाहेर न येता, त्या म्हणाल्या, “हे जमलं तर राहतील. न्हायतर पुन्हा पेटी माळ्यावरून खाली.”

मुंबईच्या घाट सारंगाचा, म्हणजे बोटींवर माणसं भरणाऱ्या दलालाचा, तुला निरोप आला होता. एका बोटीवर भंडाऱ्याची जागा होती. हंगामाच्या शेवटच्या आगबोटीने मुंबईला पोचलास तर ती तुझी. तुझ्या आणि भाबींच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली घरी काढलेली तीनसुद्धा भरत नव्हती. तू मला म्हणालास, शेवटच्या आगबोटीपर्यंत दुकान उभं राहिलं तर मी जमिनीवरचा, नाही राहिलं तर पाण्यावरचा. माझे साठ रुपये कशावर लागले होते ते मला तेव्हाच नीट कळलं. शेवया हे निमित्त होतं.

नावाची गंमत गावाला फार आवडली. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, आणि मी जातीने भंडारी. तुझ्या बाजूने धंदा, माझ्या बाजूने जन्म. दोन भंडाऱ्यांचं दुकान, पण ताडीचा थेंब नाही, म्हणून माझ्या जातवाल्यांनीच आधी नाकं मुरडली.

जागा माझी, बंदरावरची खोबरं वाळवायची पडवी. तीन बाकं सुताराकडून, एक तांब्याचं डेग तुझ्या मेव्हण्याकडून, दुसरं लहान माझ्या घरातून. दोन चुली मांडल्या: एका भांड्यात कोंबडीची हाडं, सोडे आणि सुके बोंबील, दुसऱ्यात नुसते सोडे-बोंबील, ज्यांना तुमच्या हातची कोंबडी चालत नाही त्यांच्यासाठी. हिंदूंना मी वाढायचं आणि मुसलमानांना तू. दोन्ही भांडी ढवळणारा हात एकच होता हे साऱ्या गावाला दिसत होतं. कोणी विचारलं नाही. विचारलं नाही की बाटत नाही, हा आपल्याकडचा जुना कायदा आहे.

मग बांबू आला. तुझ्या म्हाताऱ्याची पद्धत अशी, की बांबूचं एक टोक भिंतीतल्या भोकात अडकवायचं, खाली पिठाचा गोळा ठेवायचा आणि दुसऱ्या टोकावर बसून उड्या मारायच्या. भोक माझ्या भिंतीला पडणार होतं. मी दीड इंच म्हटलं, तू हात मारून तीन केलंस, आणि ह्यावरून आपण एक दिवस बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी आलो तर पन्नाशीला टेकलेला, दाढीत पांढरे केस असलेला माणूस बांबूवर बसून वरखाली होत होता आणि रस्त्यावर वीसेक माणसं उभी होती. चांगुणा त्यांना सांगत होती की बोटीवर फार दिवस राहिलं की जमिनीवर असंच होतं, हलल्याबिगर झोप लागत न्हाय. मी दोन फळ्या आडव्या मारून घेतल्या. त्याचा खर्च मी एकट्याने सोसला. तो शेवयांसाठी नव्हता, अब्रूसाठी होता.

शेवया मात्र तुटत होत्या. म्हातारा पिठात कसलंसं पाणी घालायचा, त्याला साबणासारखा वास यायचा, एवढंच तुला आठवत होतं. म्हणून तू आधी चुन्याची निवळी घातलीस, मग राखेचं पाणी, मग धुण्याचा सोडा. सोड्याच्या शेवया आपण दोघांनी खाल्ल्या. त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही. संध्याकाळी आमच्या घरी पेज पीत बसलो होतो तेव्हा सुभद्रेने, माझ्या बायकोने, तुझ्या पुडीतलं उरलेलं पीठ हुंगलं आणि तुला विचारलं की पिवळट रंग येतो का आणि दाताखाली लवतं का. तू हो म्हणालास. ती म्हणाली, “पापडखार आहे तो. इतकी वर्षं पापड खाताना तुम्हा दोघांना काय वाटत होतं, तो आपोआप फुलतो?” पापडखाराच्या पहिल्या शेवया हातात धरून तू ताणल्यास, त्या तुटल्या नाहीत, आणि तू नाक शिंकरायला म्हणून बाहेर गेलास. मी आत थांबलो.

आता भांड्यांची गोष्ट. चिनी मातीचे वाडगे मुंबईहून आणायचे तर नगाला दोन आणे, वर फूट. शिवाय हिंदूंचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे, आणि कोळणी म्हणाल्या आमचे पण वेगळे. मी आकडा काढला आणि कागद उलटा ठेवला. द्रोण करून पाहिले. रस्सा तळातून गळून बाकावर आणि बाकावरून धोतरावर. तेव्हा तू पडवीच्या मागे गेलास. तिथे माझ्या खोबऱ्याच्या धंद्यातला करवंट्यांचा ढीग होता. तू दोन करवंट्या उचलून आणल्यास, काचेने घासून गुळगुळीत केल्यास आणि माझ्यापुढे ठेवल्यास. दर माणसाला नवी, कोणाची कोणाला लागायची नाही. खाऊन झाली की चुलीत, म्हणजे जळणही तेच. किंमत शून्य. हसन, मी आयुष्यात इतका सुंदर हिशेब पाहिला नव्हता. आठवडाभर आपण दोघांनी बसून तीनशे करवंट्या घासल्या, आणि आपल्यासमोरून जाणाऱ्या कोणाही माणसाने काही म्हटलं नाही. त्यांना वाटलं, आपण बटणं करतो आहोत.

शिमग्याच्या आधी दुकान उघडलं. आगबोट लांब उभी राहिली, पडावातून उतारू आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले, निम्मे ओकून रिकामे झालेले. अशा माणसांना गरम रश्शासारखं दुसरं काय हवं? तू दारात उभा राहून बोटीवरच्या आवाजात ओरडलास, “शिना सोबा! गरम शिना सोबा!”

एक म्हातारे गृहस्थ थांबले. म्हणाले, “गरम केलं म्हणून काय झालं, शिळं ते शिळंच. घरी आहे आमच्या.” आणि गेले. तू त्यांच्या मागे वाळूपर्यंत गेलास, शिळा नव्हे, शिना, म्हणत. त्यामुळे बाकीच्यांना वाटलं की तू उधारी वसूल करतोयस, आणि त्यांनी पावलं उचलली.

तरी सहा-सात माणसं बसली. त्यांत एक सुपारीबागेचे मालक होते, सोन्याची साखळी, छत्री, सोबत हमाल. मी स्वतः त्यांच्यापुढे रस्सा भरलेली करवंटी धरली. त्यांनी हात पुढे केला, हातातल्या करवंटीकडे पाहिलं, आणि विंचू चावल्यासारखे उभे राहिले.

“भंडारी,” ते मला म्हणाले, “बाग अजून माझ्याच नावावर आहे. हातात करवंटी घ्यायची वेळ माझ्यावर यायची आहे.”

बाकीचे त्यांच्या मागोमाग उठले. कोणाला घरून निघताना बायकोने काही म्हटलेलं आठवलं असेल, कोणाला सावकाराने. करवंटी हातात येणं म्हणजे भीक मागायची पाळी येणं, हे श्रीवर्धनचं शेंबडं पोर जाणतं. आपण दोघे ह्याच मातीत वाढलेले, शंभर वेळा ते बोललेले, आणि तीनशे करवंट्या घासताना एकालाही आठवलं नाही. तुझं मराठी समुद्रावर झिजलं होतं, हे कारण तुला तरी होतं. मी शून्याकडे पाहत बसलो होतो.

त्या दिवशी एकट्या चांगुणाने खाल्लं. तीन करवंट्या. पैसे दिले नाहीत. म्हणाली सोडे तिचेच होते.

नंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. आपलं भांडण लागलं ते नावावरून. मी म्हणालो, शिना सोबा सोड, शेवयांचं सार म्हण. तू म्हणालास, सार आजाऱ्याला देतात. मी म्हणालो, मग चिनी रस्सा म्हण. तू म्हणालास, म्हाताऱ्याने जे नाव सांगितलं तेच राहील, त्याने माझं पातेलं वेगळं ठेवलं आणि मी त्याचं नाव बदलू? मी म्हणालो, तो तुझं दुकान चालवायला येणार नाही. त्याच दिवशी पेटी माळ्यावरून उतरली. तू अंगणात तिच्यावरचं नाव नव्याने रंगवत होतास, आणि भाबी तुझ्यापासून चार हातांवर तुझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होत्या. मी कुंपणाबाहेरूनच परत फिरलो.

त्यानंतरच्या आगबोटीला भाबी पहिल्यांदा दुकानात आल्या, पडद्यामागे, डेगाजवळ. का ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, तू जाणारच असलास तर कशाने गेलास ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. एक तरुण मास्तर भिजून, कुडकुडत बाकावर बसले. मी करवंटी पुढे केली. त्यांनी मान हलवली आणि उठू लागले. तेवढ्यात पडद्याखालून भाबींचा हात बाहेर आला. हातात डवली होती, रश्शाने भरलेली, शेवया काठावरून लोंबणाऱ्या. डेगात ढवळायची घरची डवली, दुसरं काही नाही. मास्तरांनी ती दांड्याला धरून घेतली, दोन्ही डोळे मिटले आणि पिऊन टाकली. आणि अजून मागितली.

आपण दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. डवली म्हणजे तरी काय? करवंटीच. फक्त बांबूचा दांडा मारलेली. दांड्याशिवाय ती भिकाऱ्याच्या हातात, दांडा लावला की घराघरांतल्या बायकांच्या. पडद्यामागून भाबी म्हणाल्या, “तुम्ही दोघं कदी चुलीपाशी गेलाव असतां तर कळला असता.”

दुसऱ्या दिवसापासून दांडे. तुझ्या उड्यांचा बांबू तेवढा सोडून बाकी सगळा बांबू कापला. खाल्ल्यावर करवंटी चुलीत, दांडा धुऊन पुन्हा नवीन करवंटीला. माणशी खर्च पाव पैसा. शून्यापेक्षा पाव पैशाने जास्त, पण शून्याचा अनुभव मी घेतला होता. आणि त्याच सुपारीबागेच्या मालकांनी पुढल्या खेपेला डवली हातात घेऊन मला सांगितलं, की हे कसं, घरच्यासारखं वाटतं.

नावाचं काम चांगुणाने केलं, आणि तुझ्या मते बिघडवलं. तिला शिना म्हणता येत नव्हतं. ती पडावाजवळ मासळीची टोपली घेऊन उभी राहायची आणि उतारूंना म्हणायची, “शीन आलाय न्हवं परवासाचा? जा, हसनकडं शिनाचा सोबा हाय, प्या, शीन जाईल.” लोकांना ते लगेच पटलं. शीण घालवतो तो शिणाचा सोबा. ह्यात न कळण्यासारखं काय आहे? गर्दी होऊ लागली आणि तू प्रत्येकाला थांबवून सांगू लागलास की हा शीण नव्हे, शिना, शिना म्हणजे चीन. लोक मान डोलावत आणि खात. मी म्हणालो, फळी रंगवून घेऊ, शिणाचा सोबा. तू म्हणालास, माझ्या मढ्यावर रंगव.

ती फळी अजून कोरी आहे, हसन. मी काय करू?

शेवटची आगबोट आली त्या दिवशी तुझी पेटी दुकानाच्या दाराशी होती. सारंगाला तू येत नाही असं कळवलं नव्हतंस. मुंबईला जाणारे उतारू पडावात बसले होते, येणारे उतरले होते, बाकं भरली होती, आणि तू चुलीशी होतास. शिट्टी झाली. मी तुझ्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही, पण पडद्यामागचं ढवळणं थांबलं. तू एका गिऱ्हाइकासाठी शेवया उचलत होतास.

“शिट्टी झाली काय?” तू विचारलंस.

“झाली,” मी म्हणालो.

“पहिली का दुसरी?”

“दुसरी.”

“मग आता पडाव कसला मिळतो,” तू म्हणालास, आणि त्या माणसाच्या डवलीत वाढलंस.

पहिली शिट्टी तू ऐकली नव्हतीस हे मला खरं वाटत नाही. जो माणूस इंजिनाच्या आवाजात घंटा ओळखायचा, त्याला बंदरातल्या आगबोटीची शिट्टी ऐकू आली नाही? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर दिल्यावर तुला ते पाळावं लागलं असतं. पडद्यामागे ढवळणं पुन्हा सुरू झालं होतं. त्या पेटीत भाबी पापडखार आणि पीठ ठेवू लागल्या. उंदीर शिरत नाहीत म्हणाल्या.

पावसाळाभर बंदर बंद, पण बागांतले गडी आले. दुसरा हंगाम पहिल्यापेक्षा दुप्पट. तू जाडा झालास. तू संध्याकाळी भाबींबरोबर, चार पावलं पुढे, वाळूवर फिरायला जाऊ लागलास, आणि चांगुणा ओरडून विचारायची की नवं लगीन लागलंय काय. मग ताप आला. पाचव्या दिवशी तू मला बोलावलंस. मला वाटलं, हिशेब सांगणार. तू म्हणालास, शिमग्याच्या खेपेला पापडखार कमी पडेल, आधी सांगून ठेव. आणखी काही बोलला असतास तर मी ते इथे लिहिलं असतं. नाही बोललास, आणि मीही पापडखाराचंच बोललो. एवढ्या वर्षांत एकमेकांशी दुसरं काही बोलायची आपली सवयच नव्हती.

तुझ्या जनाज्याला मी खांदा दिला. माझं पाऊल बाकीच्यांशी जुळेना. तू असतास तर मागून काहीतरी बोलला असतास. कब्रस्तानाबाहेर दोन परगावचे उतारू उभे होते. एकाने विचारलं, कोण गेलं? दुसरा म्हणाला, तो शीण सोबावाला. मी थांबून म्हणालो, शिना. शिना म्हणजे चीन. का म्हणालो ते मला माहीत नाही. ते माझं भांडण नव्हतं, तुझं होतं.

चाळीस दिवस होईपर्यंत मी दुकानाकडे गेलो नाही. दोन मार्ग मी मनात पक्के केले होते: भागी मोडून भाबींचा हिस्सा एकरकमी द्यावा, किंवा दुकान विकून दोघांनी वाटून घ्यावं. आकडे दोन्हीचे काढले होते. काल सकाळी ते सांगायला गेलो तर दुकान उघडं होतं. पडदा काढलेला होता. भाबी डेगाजवळ बसल्या होत्या, आणि बांबूच्या टोकावर चांगुणा उड्या मारत होती, कारण ती म्हणते तिचं वजन कामाला येतं.

मी उभा राहिलो. भाबींनी बस म्हटलं. मी बसलो आणि मग मला सुरुवात कुठून करायची ते सुचेना, म्हणून विचारलं, भाबी, दुकान ठेवायचं आहे का? एकटीने जमेल का?

त्यांनी माझ्यासाठी शेवया वाढल्या. मग मशिदीमागच्या चढाकडे हात केला, जिथे तुझी माती अजून ताजी आहे.

“गोविंदभाऊ,” त्या म्हणाल्या, “बावीस वर्षं मला कोणी विचारलं, तुझा नवरा कुठं हाय, तर मी सांगायची, बोट जाईल तिथं. आता ते कुठं हायत ते मला ठाऊक हाय. हितून दिसतं. मी ही जागा सोडून कुठं जाऊ?”

दोन्ही आकडे मी खिशातच राहू दिले. खाल्लं. रस्सा बरा होता. पापडखार जरा जास्त. उठताना दुकानाच्या भागीदाराने पैसे द्यावेत की नाही ह्याचा विचार केला, आणि दिले.

डवलीभर शिना सोबाचा एक आणा. रोख. जुलेखाभाबींना.